पॅडकचं पान

नलिनीवहिनींचा फोन आला तेव्हा मी ग्रोसरीत भेंडी निवडत होतो. भेंडीचा शेंडा मोडून बघायला त्या दुकानात मनाई आहे, तसा बोर्डच लावलाय, आणि तो बोर्ड खास माझ्यासाठी लावलाय असं मी सगळ्या श्रूजबरीला, म्हणजे आमच्या इथल्या अमेरिकन गावाला, सांगून ठेवलंय. वहिनी म्हणाल्या, "भावजी, हे गेले." मी म्हणालो, "बरं." ज्या माणसाने साध्या सर्दीचं वर्णनही महापुरासारखं केलं, त्याच्या तोंडून एवढंच निघालं... बरं. हातातली भेंडी हातातच धरून गाडीत जाऊन बसलो. किती वेळ बसलो माहीत नाही. एरवी मी "सूर्य मावळेपर्यंत" असं ठोकून दिलं असतं. पण आता ठोकून देण्यात काही राम नाही. खोटं पकडणाराच उरला नाही तर खोटं बोलायचं कुणासाठी?

दिगू, म्हणजे दिगंबर सोवनी, वहिनींचा नवरा आणि माझा मित्र, एका औषधांच्या प्रयोगशाळेत भेसळ शोधायचं काम करायचा. पावडरीत काय मिसळलंय ते सांगायचा. निवृत्त झाल्यावर त्याला भेसळ तपासायला एकच पावडर उरली, ती म्हणजे मी. त्यांच्या घरी जेवणं झाली की मी गोष्ट सुरू करायचो. श्रूजबरीतल्या बर्फाची, पुण्यातल्या माझ्या शाळेची, नाहीतर विमानात शेजारी बसलेल्या राजाची. दिगू पितळी-स्टीलच्या दुरंगी फुलपात्रात कॉफी घेऊन बसायचा. त्यात एक चमचा असायचा, मान वाकलेला, लग्नात आलेल्या सेटमधला शेवटचा. मी गाडी रुळावरून खाली उतरवली की तो चमचा फुलपात्राच्या काठावर एकदाच वाजायचा. टण्. बोलायचा काही नाही. मी थांबायचो, आकडा निम्म्यावर आणायचो, बर्फ कमरेवरून गुडघ्यावर आणायचो आणि पुढे निघायचो. लोकांना वाटायचं आमचं भांडण आहे. अहो, तबल्याचं आणि गाण्याचं कधी भांडण असतं का?

आता पॅडकविषयी सांगायला हवं, कारण दिगूविषयी सांगायचं आणि पॅडकला वगळायचं म्हणजे लग्नाची गोष्ट सांगताना नवरदेव गाळण्यासारखं आहे.

सोवन्यांनी घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणात एक टेकाड होतं. टेकाड म्हणजे काय, गुडघाभर उंचवटा, पण सपाट हिरवळीत एकटाच, गळू आल्यासारखा. त्याच्या माथ्यावर, गवतात अर्धी बुडालेली, पांढरट दगडाची एक अरुंद फळी बसवलेली. वहिनींनी ते पाहिलं आणि सामानाचे खोके उघडायच्या आधी निर्णय दिला : हे थडगं आहे. दिगू म्हणाला, अमेरिकेत घराच्या कागदपत्रांत असलं काही लिहिलेलं असतं. वहिनी म्हणाल्या, "कागदात लिहून माणसं पुरतात का? कुणाच्या तरी उशाशी राहायचं आणि साधा दिवा लावायचा नाही?" त्या उन्हाळ्यात रोज तिन्हीसांजेला त्या फळीवर दिवा लागला. अंगणातल्या डेलिया वाहिल्या गेल्या. गुरुवारी साखर. ऋचा, त्यांची मुलगी, तेव्हा फ्रॉकमधली. ती शेजाऱ्यांच्या मुलांना सांगायची की आमच्या बॅकयार्डात एक डेड पर्सन राहतो. एरवी आमच्या मंडळींच्या घरी खेळायला पोरं येईनात म्हणून आईबापांना घोर, इथे रांग लागली.

शेवटी शेजारच्या डॉरथीबाईंनी कुंपणावरून विचारलं, की बाई गं, तू रोज पिचरच्या उंचवट्यावर दिवा का लावतेस?

पिचर म्हणजे बेसबॉलमधला आपला बोलर. फक्त हा धावत येत नाही, मैदानाच्या मधोमध असल्या उंचवट्यावर, असल्याच फळीवर पाय रोवून उभा राहतो आणि फेकतो. ते टेकाड थडगं नव्हतं. त्या घराचा जुना मालक एझ्रा पॅडक याने ते आपल्या हाताने बांधलं होतं, आणि हा पॅडक एके काळी, पहिल्या महायुद्धाच्याही आधी, मोठ्या लीगमध्ये पिचर होता. एक उन्हाळा. फक्त एक. वहिनींना हे कळल्यावर त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि दिवसभर बाहेर आल्या नाहीत. मी ही गोष्ट सांगताना "आठवडाभर" म्हणायचो. टण्.

पॅडकची कारकीर्द मी किमान शंभर बैठकींत रंगवली असेल. माझ्या गोष्टीत तो सफरचंदाच्या बागेत कावळ्यांवर सफरचंदं फेकता फेकता तयार झाला. उडता कावळा, आणि कुठल्या डोळ्यावर मारू ते आधी विचारायचा. माझ्या गोष्टीत त्याचा चेंडू झोपाळू म्हशीसारखा यायचा आणि बॅटरसमोर आला की खाली बसायचा. बॅट फिरायची, बॅटर फिरायचा, टोपी फिरायची, चेंडू मात्र मागे जाऊन विसावलेला. पहिल्या आठवड्यात नऊ सामने जिंकला. टण्. बरं, पाच. टण्. दिगूने जुनी वर्तमानपत्रं शोधून वाचली होती. त्याच्या लेखी पॅडकने आख्ख्या उन्हाळ्यात एकच सामना जिंकला होता. पहिले काही हरला, मग एक जिंकला, आणि जिंकला म्हणून मॅनेजरने त्याला उद्याही उभं केलं, परवाही उभं केलं. हात सुजला तरी उभं केलं. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत पोरगा घरी परत आला तेव्हा त्याला स्वतःच्या केसांतून कंगवा फिरवता येत नव्हता. विसाव्या वर्षी संपला. पुढे साठ वर्षं तो त्याच गावात सफरचंदांच्या पेट्या ठोकत जगला, लग्न केलं नाही, आणि बेसबॉलबद्दल कुणाशी चकार शब्द बोलला नाही.

मी सांगायचो की म्हातारपणी तो डाव्या हाताने चेंडू फेकायचा आणि समोरच्या कोठाराच्या भिंतीला भोकं पाडायचा. डॉरथीबाई लहानपणी कुंपणाच्या फटीतून त्याला बघत असत. त्या म्हणायच्या, तो काहीच फेकायचा नाही. संध्याकाळी टेकाडावर जायचा, दगडावर पाय ठेवायचा, हात छातीशी घ्यायचा... आणि नुसता उभा राहायचा. मग खाली उतरून जेवायला जायचा. ही गोष्ट मला कधी नीट सांगता आली नाही. यात वाढवायला जागाच नाही. बेसबॉलचा देव असेल तर त्याने माझ्यावर केलेला हा अन्याय आहे.

पुढे पक्ष पंधरवडा आला. सर्वपित्रीला वहिनींनी सासू-सासऱ्यांची पानं मांडली आणि दिगू तिसरं केळीचं पान घेऊन आला. वहिनी म्हणाल्या, "हे कुणाचं?" दिगू म्हणाला, "पॅडकचं." वहिनींनी पळी खाली ठेवली. "माझ्या सासूबाईंच्या पंगतीला तो गोरा?" दिगू म्हणाला, "त्याला कोणी नाही नलू. आणि उन्हाळाभर दिवा तूच लावलास. जागं कुणी केलं त्याला?" वहिनींनी तडक गुरुजींना फोन लावला. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्ट करतात. त्यांनी विचारलं, गोत्र? दिगू म्हणाला, माहीत नाही, वडील बहुतेक मेथडिस्ट होते. गुरुजी म्हणाले, गोत्र माहीत नसेल तर काश्यप लावायचं, तशी सोय आहे. आणि अशा रीतीने एझ्रा पॅडक, पिचर, काश्यप गोत्रात दाखल झाला. वहिनींनी एक अट घातली, की पान घरात नाही, बाहेर. दिगूलाही तेच हवं होतं. पान टेकाडावर, त्या दगडी फळीवर.

तेव्हापासून दरवर्षी वडे, खीर, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, आणि पानाच्या कोपऱ्यात एक सफरचंद, कारण दिगूचं म्हणणं, माणसाला ओळखीचं काहीतरी हवं. घास ठेवायचा आणि कावळ्याची वाट बघायची. पहिल्या वर्षी कावळा आलाच नाही. आली रानटर्की. इकडे त्या रस्त्यावरून म्युनिसिपालिटीच्या मुकादमासारख्या हिंडत असतात. ती गवतातून डुलत डुलत आली, खीर टाळली, वडा उचलला आणि दिगूकडे एक डोळा रोखून निघून गेली. वहिनी खिडकीतून ओरडल्या, "अहो, चालतं का हे?" दिगू म्हणाला, "त्याला चालत असेल तर मी कोण?" वाट बघताना पॅडकची गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे आलं. दिगूचं मत होतं की मंत्र गुरुजींचे, पण ज्याचं पान त्याचं आयुष्य कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणायला पाहिजे. मी म्हणायचो. तो टेकाडाशेजारी खुर्ची टाकून, फुलपात्र घेऊन बसायचा. वहिनी स्वयंपाकघरातच. त्यांना त्या गोष्टीत कधी रस दिसला नाही. खिडकी उघडी असायची, पण ती वाफ जाण्यासाठी, असा माझा समज होता.

गेल्या हिवाळ्यात दिगूच्या पोटात दुखायला लागलं. वसंतात डॉक्टरांनी जे सांगितलं ते त्याने मला फोनवर एका वाक्यात सांगितलं. त्या वाक्यात काही मिसळलेलं नव्हतं. त्यानंतर मी दर दोन दिवसांनी जायचो. उन्हाळ्यात तो टेकाडापर्यंत चालत जायचा, वर चढायचा, फळीवर पाय ठेवून कॉफी प्यायचा. मी खालून ओरडायचो, "फेक लेका, काय बघतोस!" तो हसायचा. मग तेही थांबलं. बिछाना बैठकीत आला, खिडकीपाशी, टेकाड दिसेल असा.

शेवटच्या भेटीत मी त्याला शेवटच्या दिवसांत घरी येणाऱ्या हॉस्पिसच्या नर्सबद्दल काहीतरी थाप मारत होतो. त्याने हात वर केला. म्हणाला, "गजा, ऐक. मी गेलो की वर्षभर घरात पक्ष नाही."

मला समजेना. तो म्हणाला, "वर्षश्राद्ध होईपर्यंत नसतो करत. मी विचारलंय गुरुजींना. आईबाबा थांबतील. त्यांना माहीत आहेत आपल्या पद्धती." श्वास घेऊन म्हणाला, "पॅडकला काय माहीत? तो येईल आणि पान नाही."

मी त्याची उशी सरळ केली. 

"म्हणून तू वाढ. तू घरचा नाहीस, तुला नियम नाही. आणि गोष्ट सांग. आहे तशी."

"आहे तशी म्हणजे किती जिंकला?"

"एक."

"दोन करू का रे? तुझ्या नावाने एक?"

चमचा हाताशी नव्हता. त्याने बिछान्याच्या दांडीवर नख वाजवलं. आवाज जवळपास आलाच नाही... पण मी ऐकला.

त्यानंतर तो चार दिवस होता. हे मी मोजून सांगतोय, वाढवून नाही. वाढवता आलं असतं तर...

खरं सांगू का, गेल्या काही आठवड्यांत मी दमलोय. लोकांकडे जातो, लोक येतात. मी गोष्ट सुरू करतो आणि सगळे माना डोलावतात. "हो का काका," "वॉव काका." परवा मी एका तरुण जोडप्याला सांगितलं की आमच्या काळी विमानात पंगत बसायची, आणि केळीच्या पानावर वाढायचे. पोरगी म्हणाली, "सो नाइस!" माझ्या अंगातला जीवच गेला. थाप ही टेकून उभी राहणारी वस्तू आहे. समोर भिंत नसेल तर ती पडते, आणि तिच्याबरोबर सांगणाराही पडतो. घरी येऊन मी टीव्ही लावतो, बेसबॉल चालू असतं, आवाज बंद ठेवतो.

दरम्यान घर विकायचं ठरलं. ऋचा आता बॉथेलला असते, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिने आईला तिकडे न्यायचं ठरवलं, आणि बरोबरच ठरवलं. एवढ्या घरात एकटीने बर्फ कुणी ढकलायचा? एजंटबाई येऊन गेल्या. घर आवडलं, स्वयंपाकघर आवडलं, मागे जाऊन म्हणाल्या, तो बम्प तेवढा सपाट करून घ्या, लोकांना वाटतं सेप्टिक टँक आहे. वहिनींनी "ओके" म्हटलं. माती काढणारा माणूस सर्वपित्रीच्या दुसऱ्याच दिवशी यायचा होता. मी वहिनींना विचारलं, "पॅडकचं पान वाढायला येऊ ना?" त्या म्हणाल्या, "यांनी सांगितलंय तर या." बस. त्यात उत्साह नव्हता, नकारही नव्हता. मला वाटलं, ही शेवटची खेप. टेकाड जाणार, वहिनी जाणार, पॅडक काश्यप गोत्रातून बेवारस होणार. आणि दिगूने जे एक काम दिलं, ते मी एकदाच करून संपवणार.

म्हणून त्या दिवशी मी केळीचं पान घेऊन पोचलो तेव्हा वहिनी सकाळपासून रांधत आहेत हे बघून दारातच थांबलो. वडे होते. खीर होती. भोपळा, आमसुलाची चटणी, अळूवड्यासुद्धा. सासूबाईंचं पान नाही, सासऱ्यांचं नाही, दिगूचंही नाही. त्याचं तर पुढल्या वर्षाआधी नाहीच. एवढा सगळा घाट एकट्या पॅडकसाठी, ज्याला या बाईने घराचा उंबरा ओलांडू दिला नव्हता. मी काही म्हणणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "गार होतंय. चला." आणि पहिल्यांदा स्वतः बाहेर आल्या. ऋचा मागोमाग, हातात सफरचंद. टेकाडाशेजारी दिगूची खुर्ची होती. वहिनी तिच्यावर बसल्या. हातात त्याचंच फुलपात्र, त्यात त्याचीच कॉफी, आणि तो मान वाकलेला चमचा.

मी पान मांडलं. एझ्रा पॅडक, गोत्र काश्यप, असं म्हटलं. आणि गोष्ट सांगायला लागलो, आहे तशी. सफरचंदाची बाग सांगितली, कावळ्यांचे डोळे वगळून. त्याला मोठ्या लीगकडे नेणारी आगगाडी सांगितली. पहिले सामने हरला ते सांगितलं. माझ्या तोंडात ती गोष्ट मीठ विसरलेल्या वरणासारखी लागत होती. दुपार कलली होती, दोघी ऐकत होत्या, आणि मला एकदम वाटलं की बास, कुणालाच याचं काही पडलेलं नाही, लवकर उरकावं आणि घरी जावं. दिगूला दिलेला शब्द आठवत होता... पण जित्याची खोड. शिवाय मला काहीतरी बघायचं होतं. मी म्हणालो, "आणि मग त्या पोराने लागोपाठ दोन सामने जिंकले."

अंगणात नुसता वारा. मी पुढचं वाक्य सुरू करायला तोंड उघडलं.

टण्.

"एकच," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, टेकाडाकडे बघत होत्या. "दुसऱ्यात त्याला दुखऱ्या हाताने खेळवला. तो हरला. डोळ्यांत पाणी आलं म्हणून सहाव्या इनिंगला बाहेर काढला त्याला. इतकी वर्षं सांगताय भावजी, एवढं पाठ नाही होत?"

मला ते डोळ्यांतलं पाणी माहीत नव्हतं. ते मला दिगूने कधी सांगितलंच नव्हतं. मी गोष्ट पुरी केली. हात, कंगवा, पेट्या, संध्याकाळचं नुसतं उभं राहणं. एकही अक्षर जास्त नाही. चमचा पुन्हा वाजला नाही.

टर्की यंदा फिरकली नाही. बऱ्याच वेळाने कावळा आला, कुंपणावर बसला, पानाकडे बघत राहिला. वहिनी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "भावजी, बॉथेलला कावळे असतात का हो?"

मी म्हणालो, "कावळे? वहिनी, हिवाळ्यात संध्याकाळी तिथे इतके कावळे येतात की आभाळ दिसत नाही. हजारोंनी. काळोख होतो. एकेका झाडाला पानं कमी आणि कावळे जास्त."

वहिनींनी चमचा उचलला.

"आई, नो," ऋचा म्हणाली. "धिस टाइम इट्स ट्रू. रिअली. रोज ऑफिसमधून निघताना बघते मी. दे कम फ्रॉम एव्हरीव्हेअर. पार्किंग लॉटमध्ये छत्री घेऊन चालतात लोक."

चमचा तसाच हवेत राहिला. वहिनींनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. कुंपणावरचा कावळा खाली उतरला.

"मग दरवर्षी अमावास्येला फोन करायचा," वहिनी मला म्हणाल्या. "पान मी वाढेन. गोष्ट तुम्ही सांगायची, मला सांगायला येत नाही." आणि फुलपात्रातली उरलेली कॉफी संपवून त्यांनी चमचा पदराला पुसला, दोनदा पुसला, आणि पर्समध्ये टाकला.